शालिकभाऊंचं पेचकस

मेडशी गावात रस्त्याला लागून गॅरेज असलेले शालिकभाऊ गाडी कानाने तपासतात. लाकडी मुठीचं हातभर लांब पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, घ्यायचं, टोक चालू इंजिनाला टेकवायचं आणि मूठ कानामागच्या हाडाला. मग डोळे मिटायचे. दोन मिनिटांनी निकाल येतो, "दोन नंबरचा वॉल्व्ह हाय." खोलून पाहावं तर दोन नंबरचाच वॉल्व्ह असतो.

त्याआधी गिऱ्हाइकाची उलटतपासणी होते. गिऱ्हाइकाने समोर उभं राहायचं आणि भाऊंकडे बघूनच बोलायचं. "तोंड इकडं करा. तोंड फिरवून बोलते थो मानूस खोटं बोलते. गाडी नाही बोलत खोटं." चाळीस एकरवालेही त्यांच्यापुढे परीक्षेला बसल्यासारखे उभे असतात. एकदा पोहरादेवीच्या दर्शनाला निघालेली जीप बंद पडली आणि आतली दहा माणसं एकदम बोलायला लागली. भाऊंनी सगळ्यांना खाली उतरवलं, रांग लावली आणि एकेकाची साक्ष घेतली. डिझेल संपलं होतं, हे नवव्या साक्षीदाराने सांगितलं.

या माणसाचं एका गोष्टीशी हाडवैर होतं, ती म्हणजे सेन्सर. बेअरिंग कुरकुरतं, पट्टा किंचाळतो, वॉल्व्ह टकटक करतो. सेन्सर बिघडला तरी हूं की चूं करत नाही. "लेकाचं मुकाट्यानं मरते अन् सारी गाडी बंद पाडते," भाऊ चिडून म्हणायचे. त्यांच्या मुलीने, संगीताने, नागपूरहून सेन्सर तपासायचं स्कॅनर पाठवलं होतं. भाऊंनी ते दसऱ्याला पान्यांच्या शेजारी मांडलं, मनोभावे हळद-कुंकू वाहिलं आणि परत डब्यात ठेवून दिलं. असे तीन दसरे झाले. स्कॅनरचा पडदा पिवळा झाला होता आणि त्याला अजून एकही गाडी दिसली नव्हती.

मी इथल्याच शाळेत मास्तर आहे आणि भाऊंच्या भिंतीला भिंत लावून राहतो. यंदा माझ्या जुन्या मोटारीला विचित्र रोग जडला. गावातून झकास निघायची, तास-दीड तासाने गरम झाली की भर रस्त्यात बंद. अर्धा तास झाडाखाली बसा, पुन्हा सुरू. दोन गॅरेजवाल्यांनी हात टेकले. भाऊंनी पेचकस लावलं, डोळे मिटले आणि बराच वेळ उघडलेच नाहीत.

"आवाज तं साफ हाय, सर." ते जरा उतरल्या चेहऱ्याने म्हणाले.

मी फार गळ घातली तेव्हा स्कॅनर बाहेर निघालं. कुंकू पुसून गाडीला जोडलं, तर त्याने कसलाच दोष दाखवला नाही. भाऊंना तेवढाच आनंद झाला. "पाहा, हेबी मुकंच निघालं!"

पण तो आनंद टिकला नाही. संगीताने वर्षभर धोशा लावला होता, की गॅरेज बंद करा आणि नागपूरला या. वहिनी जाऊन सहा वर्षं झाली होती, घरात भाऊ एकटेच. भाऊ टाळत होते. त्या संध्याकाळी मात्र ते माझ्या पायरीवर येऊन बसले. "पोरीले सांगून देल्लं मी, सर. तुमच्या गाडीचा रोग नाही सापडला तं शटर पाडतो, येतो नागपूरले. पन थ्या बाल्कनीत बसून मी करू काय? तिथं मले कोन गाडी दाखवन?"

रविवारी आम्ही गाडी गरम करायला निघालो. कामरगावपर्यंत मजल मारली आणि वेशीपाशी तिने नेहमीप्रमाणे मान टाकली. भाऊंनी या वेळी पेचकस काढलंच नाही. ते माझ्या शेजारी वाकून बसले. "मारा सेल्फ." मी किल्ली फिरवली. इंजीन नुसतं घरघरलं. भाऊंची नजर समोर इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या आरपीएमच्या काट्यावर होती. "इंजीन फिरून राह्यलं अन् काटा हालत नाही! फिरून राह्यलं हे त्याले कोनी सांगतच नाही!"

ते खाली उतरले, गाडीखाली शिरले आणि माझी पिण्याच्या पाण्याची बाटली इंजिनाच्या कडेला असलेल्या बोटभर सेन्सरवर हळूहळू रिकामी केली. पुन्हा सेल्फ मारला, तर गाडी लगेच सुरू! इंजीन फिरतं आहे ही खबर देणारा तो क्रँक सेन्सर तापला की काम सोडत होता. भाऊ ओलेचिंब बाहेर आले आणि कामरगावच्या रस्त्यावर, भर उन्हात, त्यांनी मला मिठी मारली.

नवा सेन्सर दुसऱ्या दिवशी अकोल्याहून एसटीच्या कंडक्टरबरोबर आला. भाऊंनी तो बसवला आणि ते पाठ फिरवून हात पुसायला लागले. मी सेल्फ मारला. इंजीन पहिल्या फटक्यात लागलं, अगदी मऊ आवाजात.

"मारा ना सेल्फ, सर," भाऊ तसेच पाठमोरे म्हणाले. "काहून थांबले?"

गाडी चालू होती.

ते वळले. माझा चेहरा पाहिला, मग बोनटवर तळवा ठेवला आणि तसेच उभे राहिले. हाडाला टेकवलेली मूठ, "तोंड इकडं करा", ती साक्षीदारांची रांग, सगळं माझ्या एकदम ध्यानात आलं. इतकी वर्षं भिंतीला भिंत लावून राहिलो आणि कळलं नाही, याची मला लाज वाटली.

तेवढ्यात त्यांच्या खिशातला फोन थरथरला. भाऊंनी नाव पाहिलं आणि फोन माझ्या हातात दिला. मी "हॅलो" म्हणालो.

"सर, गाडीचा रोग सापडला का?" संगीता विचारत होती. "अन् एक खरं सांगा. बाबाले बराबर ऐकू येते ना?"

भाऊ माझ्या ओठांकडे बघत होते. मी तोंड त्यांच्याकडे केलं आणि एकेक शब्द सुटा करत म्हणालो, "रोग सापडला, ताई. ऐकू कमी येतं. या रविवारी ह्याच गाडीने मी त्यांना अकोल्याला कानाच्या डॉक्टरकडे नेतो. शटर उघडंच राहील."

बोनटवरचा हात भाऊंनी अजून काढला नव्हता.

"मंग आता बंद करा ना थे गाडी," ते म्हणाले. "कायले फुकट पेट्रोल जाळून राह्यले?"