हाडाची मालवणी

हेमलता बिराजदार यांच्या उजव्या पायाच्या अंगठ्याशी वाढलेलं हाड मालवणी बोलत असे.

हेमलताबाई मूळच्या वेंगुर्ल्याकडच्या. नर्सची नोकरी लातूरला लागली, लग्नही इथल्याच माणसाशी झालं, आणि छत्तीस वर्षं वॉर्डात उभ्यानं गेली. आई वारल्यावर त्यांच्याशी मालवणी बोलणारं कोणी उरलं नाही. निवृत्तीच्या सुमारास हाड बाहेर आलं आणि बूट चावला की बोलू लागलं. पहिल्यांदा ते एवढंच म्हणालं, "बाय गो, जरा बस हय." हेमलताबाई भाजीबाजारातच एका दुकानाच्या पायरीवर बसल्या आणि पोटभर रडल्या.

यंदा मात्र जिना चढवेना. डॉक्टर म्हणाले, आधी बूट बदला. म्हणून त्या रज्जाकभाईंच्या दुकानात गेल्या.

"चारनंतर आलात ते बरं केलंत, मावशी. पाय फुगलेला असतो, खरं माप तेव्हाच मिळतं." रज्जाकभाईंनी त्यांना कागदावर उभं करून दोन्ही पाय आखून घेतले. "हाड बोलतं का?"

"बोलतं. मालवणी."

"मला येत नाही. तुम्ही सांगत चला. मागच्या महिन्यात एकांचं कानडी होतं, ते समजलं."

पहिल्या बुटाची शिवण नेमकी हाडावर आली.

"ह्या नुको. माका टोचता."

"शिवण टोचते म्हणतंय."

दुसऱ्याची टाच उंच निघाली. सगळा भार पुढे येतो, अशी हाडाची तक्रार होती. तिसरा पुढून रुंद होता, वरून मऊ, बिनशिवणीचा. हेमलताबाई दारापर्यंत जाऊन आल्या. पुन्हा गेल्या, पुन्हा आल्या.

"काय म्हणतंय?"

"काहीच नाही."

"मग बसला म्हणायचा."

"आता बोलायचंच नाही ते?"

"दुखल्याशिवाय बोलत नाहीत, मावशी. तसा नियमच आहे त्यांचा."

हेमलताबाईंनी नवा बूट काढला, जुना चढवला आणि नाडी आवळली. मग खाली वाकून हळूच विचारलं, "हे बूट घेतले तर तू बोलशीत मा?"

"नाय गो," हाड म्हणालं. "पण तू चलशीत."

रज्जाकभाई पाठ फिरवून फळीवरचे खोके नीट लावत राहिले.

"हेच द्या बांधून," नवे बूट पुढे सरकवत त्या म्हणाल्या.

"घालूनच जा की. घर लांब आहे तुमचं."

"लांब आहे म्हणूनच."

खोका काखेत धरून, जुन्या बुटांत लंगडत त्या निघाल्या. सरळ रस्ता सोडून त्यांनी गंजगोलाईच्या गोल बाजाराला पूर्ण वळसा घातला. हाड खळ्यात वाळत घातलेल्या कोकमाच्या सोलांविषयी सांगत होतं. मधेच ते दम खायला थांबलं, की हेमलताबाई विचारत, "मगे?"