दहा जागांचं गाव

बहला गावात चाळीस वर्षं पाटाच्या पाण्याच्या पाळ्या लावल्या त्या मुरशिदने. खजुराच्या कुठल्या बागेला किती वेळ पाणी, हे तो सावली बघून सांगायचा आणि कोणी ब्र काढत नसे. त्यामुळे खेळाचा सर्व्हर लावणं त्याला हातचा मळ वाटलं.

"पाणी वाटलं तशा जागा वाटायच्या," तो बायकोला, झुवैनाला म्हणाला. "त्यात काय एवढं?"

नात रय्या नऊ वर्षांची, राहायला ग्लासगोत. दोघं कॉम्प्युटरवरच्या खेळात मिळून गाव बांधत. पण तिच्या बापाने, हिलालने, आपला कॉम्प्युटर बंद केला की गावही नाहीसं व्हायचं. म्हणून मुरशिदने एक जुना कॉम्प्युटर बैठकीतल्या मेजाखाली ठेवला. हाच सर्व्हर. तो कायम चालू, गाव कायम जागं. यंत्र म्हातारं, एका वेळी दहाच माणसं आत मावत. गावाचा पाट खणून तयार होता. शनिवारी असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजानंतर आजोबा-नातीने मिळून त्यात पाणी सोडायचं, असा शब्द त्याने दिला होता.

शुक्रवारी मशिदीबाहेर मात्र तो फुशारकीत बोलून गेला, "माझं नवं गाव बघायला या की. दार उघडंच असतं."

असं म्हटल्यावर समोरच्याने तीनदा 'नको, नको' करायचं असतं. शेजारचा साल्मीन पहिल्याच खेपेला हो म्हणाला.

शनिवारी मुरशिद आत शिरला तर गावात आधीच नऊ जण, आपापल्या मोबाईलवरून आलेले. साल्मीन कोरड्या पाटात उभा राहून मासे शोधत होता. त्याचे भाऊ मुरशिदच्या शेळ्यांच्या मागे धावत होते.

फोन वाजला. "आजोबा, मला आत घेत नाहीये. जागा नाही म्हणतंय." रय्याचा आवाज रडवेला. "मला एकच तास खेळू देतात, माहितेय ना?"

हिलालने फोन घेतला. "बाबा, साल्मीनकाकांच्या नावावर जा आणि 'बाहेर काढा' दाबा."

"पाहुण्याला बाहेर काढू? उद्या मशिदीत कुठल्या तोंडाने उभा राहू?"

"मग तुम्ही निघा. ती तरी येईल."

मुरशिद बाहेर पडला. पापणी लवते न लवते तोच त्याच्या जागेवर साल्मीनचा मेहुणा हजर. आता स्वतःच्याच गावात मुरशिदला जागा नव्हती.

ऊद फिरला की पाहुण्यांनी उठायचं, हे बहलात लहान पोरालाही सांगावं लागत नाही. मुरशिदने साल्मीनला फोन लावला. "आमच्याकडे ऊद लावलाय बरं का."

"असं का? सुरेख," साल्मीन म्हणाला. "वास इथवर येतोय." आणि मासे शोधत राहिला.

"फोनवरून ऊद फिरवतात का कुठे, अबू हिलाल?" झुवैना म्हणाली; हिलालचा बाप म्हणून त्याला सगळे अशीच हाक मारत. तिने खराखुरा ऊद पेटवला आणि भांडं मेजाखाली, यंत्राशेजारी ठेवलं. पंख्याने धूर आत ओढला. यंत्र खोकलं, घरघरलं आणि बंद पडलं. जे दहा पाहुण्यांना कळलं नाही, ते यंत्राला कळलं.

फोनवर रय्याचे हुंदके. झुवैनाने पंखा पिसाने झाडला. हिलाल सांगेल तसं मुरशिदने सगळं पुन्हा चालू केलं आणि या वेळी परवलीचा शब्द घातला. रय्या आत आली तेव्हा तिच्या तासातली बारा मिनिटं उरली होती.

"आजोबा, मोजा."

तीन म्हणताच बांध फुटला. पाणी पाटातून धावत खजुरांपर्यंत गेलं. रय्या किंचाळली. चाळीस वर्षं पाणी सोडलं, पण पाण्यापुढे नाचत मुरशिद त्या दिवशीच गेला, खेळात का होईना.

इतक्यात दार वाजलं. दहाही जण उभे.

"गावात अचानक अंधार झाला," साल्मीन धापा टाकत म्हणाला. "म्हटलं, तुमचंच काही बरंवाईट झालं की काय."

मग खजूर आले, कॉफी आली, तासभर गप्पा झाल्या. शेवटी झुवैनाने ऊद फिरवला, तसे सगळे दाढ्यांवर धूर घेऊन उठले. साल्मीन दारात घोटाळला.

"अबू हिलाल, मघाशी वाटेत मोबाईलवर बघत होतो. आत शिरायला आता काहीतरी शब्द लागतो म्हणे."

पाहुण्याला नाही कसं म्हणणार? मुरशिदने आत जाऊन तो शब्द लिहून आणला. दहा चिठ्ठ्या.

झुवैनाने उदाचं भांडं उचललं आणि पुढच्या शनिवारसाठी मेजाखाली ठेवून दिलं.