पंधरा मिनिटं पुढे

आईने सकाळी संगणक सुरू केला आणि पाच मिनिटांत थोरलीला फोन लावला. "हे आज काही बोलतच नाहीयेत," ती म्हणाली.

थोरली ग्रंथालयात कामावर निघाली होती. तिने रजा कळवली आणि उलट्या दिशेची बस धरली.

'हे' म्हणजे बाबा. त्यांना जाऊन आठ महिने झाले होते. बोलायचं ते त्यांचं कॅलेंडर. बस डेपोत उभी हयात वेळापत्रकं आखण्यात गेलेला माणूस. आजारपणाच्या शेवटच्या वर्षात त्यांनी अंथरुणावर बसून पुढच्या तीन वर्षांचं घर त्या कॅलेंडरात भरून ठेवलं. आई रोज नऊ वाजता चहाचा कप घेऊन समोर बसायची आणि आजचं काय ते वाचायची. 'टाकीचा व्हॉल्व्ह घट्ट करणे. घट्ट म्हणजे घट्ट.' 'डोळ्यांत थेंब. दोन्ही डोळ्यांत.' वाचून झालं की ती संगणक बंद करायची आणि उठून व्हॉल्व्ह घट्ट करायची. याबद्दल ती कधी कुणाशी बोलली नव्हती, आणि मुलांनीही विचारलं नव्हतं.

थोरली घरात शिरली तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात दहा पंचवीस झाले होते, म्हणजे दहा दहा. या घरातली घड्याळं पंधरा मिनिटं पुढे असत. आईला कुठेही निघायला उशीर होतो म्हणून बाबांनी लग्नानंतर पहिल्याच महिन्यात ती पुढे केली होती, आणि दर रविवारी स्टुलावर चढून ती तशीच आहेत ना, हे बघत. आईला यातलं काही माहीत नाही, अशी त्यांची समजूत. मुलांना मात्र वजाबाकी शाळेआधी घरीच येत होती.

संगणकावर एक चौकट उघडी होती. तुमची ओळख पटवता येत नाही, पुन्हा साइन इन करा, असं तीत लिहिलं होतं.

"कालपर्यंत पटत होती की," आई म्हणाली.

थोरलीला या संगणकावरच्या लिनक्स प्रणालीतलं फारसं कळत नव्हतं. ते बाबांचं खूळ. विकतच्या प्रणाली आपल्याला शहाणपण शिकवतात, ही निदान ऐकून घेते, असं ते म्हणत. तिने दुसऱ्या शहरातल्या धाकट्याला फोन लावला. तो कंपनीत असलीच कामं करायचा आणि दिवसभर लोकांना जे सांगायचा तेच त्याने हिलाही सांगितलं: खातं काढून टाक आणि नव्याने जोड.

तिने खातं काढून टाकलं. त्याबरोबर कॅलेंडर पुसून लख्ख झालं. तीन वर्षांच्या कोऱ्या चौकटी. आई मागेच उभी होती. तिने कप खाली ठेवला, तो बशीत न ठेवता शेजारी.

धाकट्याने फोनवरून धीर दिला की सगळं तिकडे सर्व्हरवर शाबूत आहे, खातं जोडलं की परत येईल. आता जोडायचं होतं. पासवर्ड बाबांच्या वहीत सापडला. त्याआधीचे सहा एकेका रेघेने खोडलेले होते. मग संगणकाने साठवलेल्या पासवर्डांच्या जुडग्याचा आणखी वेगळा पासवर्ड मागितला. तोही वहीत होता, आणि त्याच्यापुढे 'हा विचारल्यावर घाबरू नये' अशी सूचना. शेवटी सहा आकडी कोड. बाबांचा मोबाइलवर विश्वास नसल्याने तो कोड याच संगणकावर तयार व्हायचा, दर अर्ध्या मिनिटाला नवा.

थोरलीने कोड टाकला. चुकीचा. दुसरा टाकला. तोही चुकीचा. आईला वाटलं, ही हळू टाइप करते. म्हणून तिसऱ्यांदा आईने आकडे वाचले आणि थोरलीने टाकले. चौथ्यांदा उलट केलं. पाचव्यांदा धाकट्याने फोनवरून "एक, दोन, तीन, आता" म्हटलं. त्यानंतर चौकटीचा रंग बदलला.

आईने चष्मा लावून वाचलं. "आणखी एक प्रयत्न चुकल्यास खातं बंद करण्यात येईल. ते पुन्हा सुरू करण्यासाठी खातेदाराने स्वतः संपर्क साधावा." तिने चष्मा काढला. "स्वतः," ती म्हणाली.

मग धाकट्याने घसा खाकरला. "ताई, आता हात लावू नकोस. पावणेअकरा झालेत, अकराला मला मीटिंग आहे. नंतर बघू."

थोरलीने सवयीने पडद्याच्या वरच्या कडेला पाहिलं. तिथे अकरा वाजले होते. पंधरा वजा, पावणेअकरा. बरोबर. तिने मान डोलावली, आणि ती अर्ध्यावरच थांबली.

"आई, संगणकाचं घड्याळ पुढे कसं?"

"मी केलं," आई म्हणाली. "काल रविवारी सगळी घड्याळं लावली ना, तेव्हा दिसलं, हे एकटंच मागे पडलंय. ह्यांच्या नजरेतून सुटलं असेल."

"पण केलंस कसं?"

"सेटिंगमध्ये जाऊन. आधी ते आपोआपचं बटण बंद करावं लागतं." आईच्या आवाजात किंचित अभिमान होता.

"ताई," धाकटा फोनवरून म्हणाला, "कोड वेळेवरून बनतो. मघापासून आपण सर्व्हरला पंधरा मिनिटांनंतरचे कोड देतोय."

आपोआपचं बटण पुन्हा सुरू झालं. घड्याळ अकरावरून पावणेअकराला आलं. कोड बदलला. थोरलीने सहा आकडे टाकले आणि एंटरवर बोट ठेवून आईकडे पाहिलं. आईने नुसतं "हं" म्हटलं.

क्षणभर काहीच झालं नाही. मग एकेक चौकट भरत गेली. व्हॉल्व्ह. थेंब. गच्चीचं दार. धाकटा मीटिंगला पळाला. आई जवळ सरकून पुढच्या नोंदी वाचू लागली. इतके दिवस तिने फक्त त्या त्या दिवसाचं वाचलं होतं, पुढचं कधी उघडलं नव्हतं. येत्या रविवारच्या चौकटीवर तिचं बोट थांबलं.

'घड्याळं तपासणे. पंधरा मिनिटं पुढेच ठेवणे. आता हे काम तुझं. तुला पहिल्यापासून ठाऊक आहे. मला ते ठाऊक आहे, एवढंच तुला ठाऊक नाही.'

आई ते दोनदा वाचून सरळ बसली. "यात मला लिहिता येतं का?"

थोरलीने नोंद उघडून दिली आणि खिडकीकडे तोंड केलं. मागे एका बोटाने चाललेलं टाइपिंग बराच वेळ ऐकू येत होतं. तिने वळून पाहिलं तेव्हा बाबांच्या मजकुराखाली दोनच शब्द होते. 'ठाऊक होतं.'

कोपऱ्यातलं चक्र फिरलं आणि थांबलं.

"पोचलं का?" आईने विचारलं.

"पोचलं."

"मग तू निघ आता. साडेअकराची बस चुकेल तुझी." आईने भिंतीकडे बोट दाखवलं. "सव्वाअकरा होत आले."

थोरलीने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, पंधरा मिनिटं वजा केली, आणि बसून राहिली.