मान कलती ठेवणारे बाळारामकाका

बाळारामकाका नवीन माणसाकडे सरळ बघत नाहीत. आधी मान उजव्या खांद्यावर टेकवतात, एक डोळा बारीक करतात आणि मगच नाव विचारतात. मला पहिल्या दिवशी वाटलं, त्यांची मान आखडली असेल. मी तसं विचारलंही. ते म्हणाले, "पान्यात मानूस आडवा असतो. उभा बगून काय कळनार?"

काका पनवेलजवळच्या ओवे गावचे. आखातात वीस-बावीस वर्षं जहाजांचे तळ पाण्याखालून घासायचं काम केलं. आता पनवेलमधल्या एका क्लबच्या तलावात स्कूबा शिकवतात. कोण पाण्यात कसा तरंगेल हे त्यांना जमिनीवरच दिसतं, आणि दिसलं की ते सांगून टाकतात. एका हळदीत त्यांनी नवरदेवाकडे मान कलती करून पाहिलं आणि "याचे पाय बुडतील" असं म्हणाले. नवरदेवाच्या आईने त्यांच्याशी अजून अबोला धरला आहे.

मासेमारीच्या जाळ्याच्या जुन्या गोळ्या वितळवून ते बुडी मारणाऱ्याच्या कमरेला बांधायची शिशाची वजनं स्वतः ओततात. त्या वजनांना जुन्या जीन्सच्या पिशव्या शिवतात, मशीनवर, स्वतःच. वजन जास्त झालं का, असं कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं: "किती ते मागून. आदी ते हाय कुटं ते बग."

माझा प्रश्न नेमका तोच होता. मी प्राणिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. मालवणला प्रवाळांच्या पाहणीसाठी आमच्या मॅडम चौघांना नेणार होत्या. अट एकच, पाण्यात मिनिटभर हात न हलवता आडवं राहून दाखवायचं. पाय खाली गेले तर प्रवाळ तुटतात. काकांकडे शिकतानाही माझे पाय दर वेळी खाली जायचे. बाबा कळंबोलीच्या लोखंड बाजारात माथाडी आहेत. मी कमरेला शिसं बांधते हे ऐकून ते म्हणाले, "आम्ही जन्मभर ओझी उतरवतो, आणि तू मुद्दाम बांधून घेतेस?"

चाचणी रविवारी होती. शुक्रवारी काकांनी माझ्या कमरेच्या पट्ट्यातली दोन वजनं काढली आणि पाठीवरच्या सिलिंडरच्या वरच्या पट्ट्याला, खांद्यांच्या मागे बांधली. एकूण वजन तेवढंच, पण पाय बरेच वर आले. बरेच, पूर्ण नाही. पाव किलोची अजून दोन वजनं वर हवी होती आणि कमरेतून तेवढंच वजन कमी.

पेटीत पाव किलोची दोनच होती. त्यांच्या पिशव्या जीन्सच्या नव्हत्या, जांभळ्या फुलांच्या गाऊनच्या कापडाच्या होत्या. मी हात घातला तशी काकांनी पेटी मिटली.

"ती नाय. त्यांचं मानूस हाय."

रविवारपर्यंत दुसरी ओततो म्हणाले. मला शनिवारभर चैन पडली नाही, म्हणून रविवारी तासभर आधीच गेले.

तलावात काका छातीभर पाण्यात उभे होते. त्यांच्या हातांवर एक बाई उताणी होती, जांभळ्या फुलांच्या गाऊनमध्ये. त्या वनिताकाकू, त्यांच्या पत्नी. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं, एवढं मी ऐकून होते. काठावरचा रखवालदार हळूच म्हणाला की रोजच आणतात, ताठरलेली डावी बाजू बुडते आणि बाई पालथी होते, म्हणून उजवीकडे वजन बांधतात.

काकांनी एक पिशवी काकूंच्या उजव्या कमरेवरून दोन बोटं खाली सरकवली. मग दोन्ही हात काढून घेतले. काकू तशाच राहिल्या. सरळ, छताकडे बघत. कुणाला पाण्यात बघताना काकांची मान मी पहिल्यांदाच ताठ पाहिली.

मी परत फिरणार होते, पण काकूंनी पाहिलं. काकांनी त्यांना आधार देऊन काठावर खुर्चीत बसवलं. नवीन वजनं ओतायची राहिली, हे काकांनी माझ्याकडे न बघताच सांगितलं. काकूंना काल बरं नव्हतं.

काकूंचे शब्द एकेक येत होते. "पोरीला... दे. मी... बसलेच हाय."

काका थोडा वेळ पेटीच्या कुलपाशी खेळत राहिले. मग त्यांनी काकूंच्या कमरेच्या त्या ओल्या पिशव्या माझ्या सिलिंडरच्या पट्ट्याला बांधल्या आणि गाठ दोनदा ओढून पाहिली. "उद्या पहाटं तिला लागतात," एवढंच म्हणाले.

मॅडम आल्या. मी पाण्यात आडवी झाले. तळाच्या निळ्या फरश्या मोजत राहिले, पाय कुठे आहेत याचा विचारच आला नाही. वर आले तेव्हा मॅडम वहीत माझं नाव लिहीत होत्या.

मी काकांना सांगायला वळले. ते माझ्याकडे बघत नव्हते. काकू खुर्चीत डावीकडे कलून बसल्या होत्या. काका शेजारच्या बाकावर बसून त्यांचे केस टॉवेलने पुसत होते, आणि त्यांची मान काकूंच्याच बाजूला, काकूंच्याच इतकी कलली होती.