दहा हजार सात

घोडबंदर रोडवरच्या त्या गृहसंकुलात दहा हजार सात घरं होती आणि टँकरच्या पाण्यावर सगळ्यांचं बरं चाललं होतं. मग पाणीवाटपाची नवी प्रणाली आली. घरांचे समान गट पाडावेत, एका गटात दोनशेपेक्षा जास्त घरं नसावीत, एक-दोन घरांना गट म्हणू नये आणि बाकी शून्य यावी, अन्यथा टँकर बंद, असं परिपत्रकात होतं.

सेक्रेटरी मितेश तीन दिवस भागाकार करून थकला. चौथ्या दिवशी तो नवव्या मजल्यावरच्या सगुणाबाईंकडे गेला. वर्तकनगरच्या शाळेत बाईंनी तीस वर्षं गणित शिकवलं होतं. त्यांनी शंभरच्या आतल्या पंचवीसही मूळ संख्यांनी भागून पाहिलं आणि सांगितलं, "ही मूळ संख्या आहे. एकाने भागते, नाहीतर स्वतःनेच."

"मग आपलं कसं भागायचं, टीचर?" मितेशने विचारलं.

त्याने पाणीवाटप कार्यालयाला कळवलं. संख्येने असहकार का केला, याचा खुलासा सात दिवसांत मागवण्यात आला. संकुलाच्या समितीने घाईघाईने, संख्येला भाग जातो, असा ठराव बहुमताने मंजूर केला. प्रणालीने तो स्वीकारला नाही. शेवटी कार्यालयातल्या साहेबांनीच मार्ग सुचवला: घरं कमी करा.

एक घर वगळलं तर पाच हजार तीनचे दोनच गट पडत होते आणि पाच हजार तीन हीसुद्धा मूळ संख्याच निघाली. दोन वगळल्यावर मात्र एकशे पंधरा घरांचे सत्त्याऐंशी गट बरोबर बसले. बाईंना हायसं वाटलं. पण अध्यक्षा निशाताईंना सत्त्याऐंशी हा आकडा फलकावर शोभेना. सात घरं वगळली की शंभरचे शंभर गट होत होते.

सर्वसाधारण सभेत बाई उठल्या. त्या सात घरांनी प्यायचं काय, असं त्यांनी विचारलं. नावं नंतर ठरतील, आत्ता फक्त धोरण ठरवायचंय, असं निशाताईंनी समजावलं. ठराव एकमताने मंजूर झाला. एकट्या बाईंचा हात खाली होता.

दुसऱ्या दिवशी मितेश वगळायच्या सात घरांची यादी घेऊन आला. तज्ज्ञ म्हणून त्यावर बाईंची सही हवी होती. बाईंनी यादी दोनदा वाचली. त्यांचं घर त्यात नव्हतं. 'गणितीयदृष्ट्या अचूक' असं लिहून त्यांनी खाली सही केली.

सोमवारी बाईंच्या नळाला भरपूर पाणी आलं. तेवढ्यात बेल वाजली. समोरच्या घरातले काळुराम, एसटीच्या खोपट डेपोतून रिटायर झालेले मेकॅनिक, रिकामी बादली घेऊन उभे होते. बाईंना त्यांच्याकडे बघवेना. सभेत मी विरोध केला होता, असं त्या पुटपुटल्या.

"माहितीय ना, बाई," काळुराम म्हणाले. "मी तुमच्या मागेच बसलेलो. हात वर करून."