ऑर्व्हिलची तिसरी साइट

ऑर्व्हिल टिबेट्सच्या बैठकीच्या खोलीत, सोफ्याच्या बरोबर वर, कमोडची एक सोनेरी सीट टांगलेली होती. खरीखुरी, लाकडी, झाकणासकट. हॉर्स क्रीकच्या रायफल क्लबात वार्षिक स्पर्धेला जो शेवटचा येई त्याला ती मिळे, आणि वर्षभर ती पाहुण्यांच्या नजरेत भरेल अशा जागी लावायची असा नियम होता. लावलीय की नाही हे बघायला क्लबचा सेक्रेटरी गस कॉफीच्या निमित्ताने कधीही टपके. ऑर्व्हिलकडे तिचा मुक्काम सलग तिसऱ्या वर्षी होता.

"रविवारी हॅलोरन मंडळी जेवायला येतायत," त्याची बायको नेल्डा म्हणाली. "आपल्या टेसाचे होणारे सासूसासरे. सासरा रिटायर्ड हेडमास्तर. त्याला काय त्या सीटखाली बसवू?"

"शनिवारी स्पर्धा आहे ना? शनिवारी जाईल ती."

"गेल्या वर्षीही हेच म्हणाला होतास."

"गेल्या वर्षी माझ्या रायफलीवर नेम धरायची साइट धड नव्हती."

 नेल्डाच्या वडिलांनी जन्मभर नळीवरची पुढची माशी आणि मागची खाच एवढ्यावर हरणं मारली होती आणि पोरीलाही तेच शिकवलं होतं. पण नवऱ्याच्या नेमाबद्दल मत द्यायचं नाही, हे पथ्य तिने लग्नापासून पाळलं होतं.

ऑर्व्हिलने आधी दुर्बीण घेतली. एवढी मोठी की चारशे पावलांवरच्या निशाणाच्या लोखंडी पाटीवरचे रंगाचे पोपडे मोजता यावेत. मग हौसेने जवळच्या पाटीकडे बघितलं, तर पाटीच नाही, नुसता पांढरा धुरळा.

"दूरचं दाखवणारी जवळचं कसं दाखवेल?" गस म्हणाला. "उजव्या अंगाला एक तिरकी साइट बसव. लाल ठिपकेवाली. रायफल थोडी कलती केली की ठिपका डोळ्यासमोर. ठिपका पाटीवर, की झालं काम."

ऑर्व्हिलने ठिपका आणला. बसवला. तासभर स्वयंपाकघरात रायफल कलती-सरळ, कलती-सरळ करून फ्रिजवर नेम धरला. एवढ्यात गसने जाता जाता विचारलं, "आणि बॅटरी गेली तर?"

झालं. माणसाच्या डोक्यात किडा सोडायचा आणि आपण कॉफी संपवून निघून जायचं, ही गसची जुनी खोड. दुसऱ्या दिवशी ऑर्व्हिल घडीच्या लोखंडी साइट घेऊन आला. त्यांना बॅटरी लागत नाही, माशी आणि खाच, बस्स. त्या त्याने दुर्बिणीखाली बसवल्या, उघडल्या आणि डोळा लावला. समोर दुर्बिणीचं पोट. मग त्याही तिरक्याच बसवायच्या ठरल्या, आणि उजवी बाजू ठिपक्याने अडवलेली म्हणून डावीकडे गेल्या. रायफल नवरीसारखी नटली. उचलायला मात्र दोन वऱ्हाडी लागावेत असं वजन झालं.

बुधवारी त्याने दुर्बिणीचा नेम जुळवून घेतला, गुरुवारी ठिपक्याचा. शुक्रवारी शाळेची बस घेऊन फुटबॉलच्या पोरांना बाहेरगावी न्यायचं होतं, त्यामुळे लोखंडी साइट तशाच राहिल्या. 'बॅटरी गेली तरच लागणार त्या,' असं म्हणून त्याने गुरुवारीच रायफल कपाटात ठेवली. ठिपका बंद करायचं तेवढं विसरला. खोक्यातून आलेली ती मरतुकडी बॅटरी दोन दिवस कपाटातल्या कोटांना उजेड दाखवत राहिली.

शनिवारी सकाळी मैदानावर ऑर्व्हिल पोचतो तो समोर कडक इस्त्रीची पँट घातलेले मिस्टर हॅलोरन.

"टेसा म्हणाली आज स्पर्धा आहे, म्हटलं एक दिवस आधीच यावं," ते म्हणाले. "कॉलेजात असताना मीही थोडीफार नेमबाजी केलीय."

गसने लगेच त्यांच्या हातात क्लबची रायफल दिली आणि यादीत नाव चढवलं. नेल्डाने दोरीपलीकडे खुर्ची टाकली आणि मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं.

सकाळी दूरच्या पाट्या दुर्बिणीने बऱ्यापैकी वाजवल्या. जवळच्या आठ पाट्यांपाशी ऑर्व्हिलने ऐटीत रायफल कलती केली, तर ठिपका नाही. फुंकर मारली, चापट मारली. नाहीच. मग घाईघाईने डावीकडच्या लोखंडी साइट उघडल्या, रायफल उलट्या बाजूला कलती केली, कोपर कोंबडीच्या पंखासारखं वर गेलं, आणि आठच्या आठ गोळ्या मागच्या मातीत घुसल्या.

"एक साइट आणखी लाव, ऑर्व्हिल!" मागून कुणीतरी ओरडलं. "खालची बाजू अजून रिकामी आहे!"

जेवणाच्या सुट्टीत त्याने सँडविचमध्ये तोंड खुपसलं आणि वर बघितलंच नाही.

संध्याकाळी ऑर्व्हिलच्या शेवटच्या गोळीपर्यंत फळ्यावर चित्र असं होतं: हॅलोरन एकवीस, ऑर्व्हिलही एकवीस, बाकी सगळे पुढे. बरोबरी झाली तर सीट जुन्याच धन्याकडे राहणार. उरली होती एकच पाटी, पंधरा पावलांवरची. लागली तर सीट हॅलोरनकडे.

ऑर्व्हिलने मागे बघितलं. टेसा दोन्ही हातांनी दोरी धरून उभी होती, आणि तिचे होणारे सासरे शेजारी ताठ उभे होते. आपल्या लेकीच्या सासऱ्याच्या गळ्यात कमोडची सीट!  राहू दे आपल्याच भिंतीवर, पोरीपुढे भिंतीचं काय एवढं? पण मुद्दाम भलतीकडे नेम धरला तर मागे उभ्या गसच्या लक्षात आलं असतं, आणि त्या क्लबात मुद्दाम चुकणाऱ्याला कुणी पुन्हा दारात उभं करत नाही.

मग त्याला लोखंडी साइट आठवल्या. सकाळपासून आठ गोळ्या, एकही लागलेली नाही! त्याने रायफल कलती केली, कोपर वर काढलं, माशी खाचेत बसवून पाटीच्या बरोबर मध्यावर धरली आणि निर्धास्तपणे घोडा दाबला.

टण्ण!

मैदानभर टोप्या उडाल्या. गसने ऑर्व्हिलच्या भिंतीवरून आणलेली सोनेरी सीट हॅलोरनच्या हातात दिली. त्यांनी ती प्रशस्तिपत्रकासारखी छातीशी धरली आणि चेहऱ्यावरची रेषही हलू दिली नाही. टेसा पांढरीफटक पडली.

"मी चुकायला गेलो होतो गं," घरी जाताना गाडीत ऑर्व्हिल रडकुंडीला येऊन म्हणाला. "ती साइट कधी लागतच नाही!"

 "दुपारी तू खात होतास तेव्हा सरावाच्या पट्ट्यावर नेऊन मी ती जुळवली," नेल्डा म्हणाली. "त्यात सहा गोळ्या गेल्या. डावीकडे खेचत होती. तेव्हा मला कुठे माहीत होतं, शेवटी तुम्ही दोघंच उराल म्हणून!"

"तुला येतं हे? मग आधी सांगायचंस ना!"

"सव्वीस वर्षांत तू कधी विचारलंस?"

रविवारी सोफ्यावरच्या भिंतीवर सीटच्या आकाराचा फिकट डाग राहिला होता. नेल्डाने त्यावर कॅलेंडर लावलं, तरी दोन्ही अंगांनी गोलाई बाहेर डोकावत होतीच. मिसेस हॅलोरन आत आल्या आणि थेट तिथेच बघत राहिल्या. टेसाने डोळे मिटून घेतले.

"अगं बाई! म्हणजे ती इथली का?" त्या म्हणाल्या. "आमच्याकडे दिवाणखान्यातल्या शेकोटीच्या वर, भिंतीला लावलीय."

"शेकोटीवर?" नेल्डाने वाटी खाली ठेवली.

"नियम आहे," हॅलोरन गंभीरपणे म्हणाले.

"छत्तीस वर्षं संसार केला, या माणसाने घरात एक खिळा ठोकला नाही," मिसेस हॅलोरन खुर्चीत बसत म्हणाल्या. "काल आल्या आल्या हातोडी मागितली. तेव्हापासून येईल त्याला दाखवतोय आणि एकटाच हसतोय. शाळेतून रिटायर झाल्यापासून असा हसलेला बघितला नव्हता मी."

टेसाने डोळे उघडले. मग सगळेच हसले, आणि ऑर्व्हिल तर जरा जास्तच. बटाटे फिरले, मांस फिरलं. ताटं अर्धी झाल्यावर हॅलोरन त्याच्याकडे झुकले आणि हळूच म्हणाले, "पुढच्या वर्षी स्वतःची रायफल घेऊन येतोय मी. त्या भिंतीला रंग देऊ नका. खरं सांगा, साइट कोणती लावू?"

ऑर्व्हिलने घसा साफ केला. दुर्बीण, ठिपका, बॅटरी, डावी बाजू, उजवी बाजू, अर्ध्या तासाचं भाषण त्याच्या जिभेवर तयार होतं. त्याने समोर बघितलं. नेल्डा बटाट्यांवर रस्सा वाढत होती.

"तिला विचारा," तो म्हणाला.