शास्त्रीबुवांचा आपोआप रहाट

एका जंगलात, बाळांनो, पाण्याची एकच विहीर होती. तिच्यावर रहाट होता. गबाजी नावाचा रेडा तो दिवसभर फिरवायचा आणि संध्याकाळी पाच पेंढ्या कडबा खायचा. कुणाचं काही अडत नव्हतं. म्हणूनच सुधारणा करायची ठरली.

साळिंदरशास्त्री सिंहमहाराजांपुढे नकाशा घेऊन आले.

"महाराज, रहाटाने काढलेलं पाणी या चाकावर पडणार. पाण्याने चाक फिरणार. चाकाने रहाट फिरणार. रहाटाने पुन्हा पाणी! एकदा ढकललं की प्रलयापर्यंत बघायला नको."

"आणि खातो काय?"

"काही नाही."

महाराज खूश! गबाजीचा कडबा तिथल्या तिथे बंद झाला. गबाजी पुढे आला.

"शास्त्रीबुवा," तो चाचरत म्हणाला, "सगळं पाणी चाकावर ओतलं तर प्यायचं काय? आणि रहाट कुरकुरतो ना, ती कुरकुरसुद्धा फुकट होत नाही हो. माझ्या मानेला विचारा."

"जन्मभर गोल फिरलास. तुला सरळ विचार कुठून जमणार?" शास्त्री म्हणाले. सगळा दरबार हसला.

नारळ फुटला. शास्त्रींनी रहाट ढकलला. नऊ फेरे झाले, दहावा अर्ध्यात अडला. राजज्योतिषी कावळा म्हणाला, मुहूर्त चुकला. दुसऱ्या मुहूर्तावर भरपूर तेल घातलं. अकरा फेरे झाले.

तेवढ्यात वर्दी आली, शेजारच्या जंगलाचे वाघमहाराज यंत्र बघायला निघालेत. शास्त्रींची पाचावर धारण बसली. ते गबाजीकडे धावले.

"बाबा रे, पाहुणे जाईपर्यंत तेवढं ढकल. या तट्ट्याआड उभा राहा, म्हणजे कुणाला दिसणार नाहीस."

गबाजी भोळा सांब. उभा राहिला. यंत्र झकास चाललं. वाघमहाराज इतके रमले की त्यांनी मुक्काम वाढवला.

"बुवा, माझा कडबा?" दुसऱ्या दिवशी गबाजीने विचारलं.

"खुळा की काय! आपोआप चालणाऱ्या यंत्राला कडबा लागतो, हे मी कुठल्या तोंडाने सांगू?"

चौथ्या दिवशी गबाजी खाली बसला, तो पुन्हा उठलाच नाही. बिचारा उपाशी गेला हो!

यंत्र थांबलं. चौकशी समिती नेमली. समितीने चाक बघितलं, कणा बघितला, आणि अहवाल दिला: यंत्र निर्दोष आहे, रेड्यात बिघाड होता.

तात्पर्य: आपोआप अखंड चालणारं यंत्र बनवता येत नाही, असं म्हणणारे अडाणी आहेत. येतं की! फक्त दर चार दिवसांनी रेडा बदलावा लागतो.